पाटी नंतर, आधी जिना झाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावची पाच मजली प्रशासकीय इमारत, दोन लिफ्ट, त्यातली एक बहुतेक वेळा बंद. सकाळी अकराच्या सुमारास लिफ्टची रांग थेट दारापर्यंत येते. 'जिना वापरा, निरोगी राहा' अशा पाट्या लावून सहा महिने झाले आणि फरक शून्य. आता समितीत कुणीतरी स्टॉकहोमच्या पियानोच्या जिन्याचा, म्हणजे पाय पडला की सूर वाजणाऱ्या पायऱ्यांचा, व्हिडिओ दाखवलाय. तसं काही करावं का, की पैसे पाण्यात जातील, असं तुम्ही विचारलंय.

पियानो नको. नवी पाटीही इतक्यात नको. या आठवड्यात तुम्ही आणि समितीतले आणखी दोघं तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत जिन्याने जा आणि जिन्यानेच खाली या. सोबत एक टेप आणि एक टॉर्च घ्या. एखादी साडी नेसणारी बाई आणि साठी ओलांडलेलं कुणीतरी बरोबर असेल तर फारच उत्तम. पुढचं सगळं त्यानंतर.

मी वास्तुविशारद आहे. पंचवीसेक वर्षांत रुग्णालयं, कचेऱ्या, महाविद्यालयं अशाच इमारतींचं काम केलं. त्यात नव्या बांधण्यापेक्षा जुन्या दुरुस्त करण्याचंच जास्त. 'लोकांनी जिना वापरावा असं काहीतरी करा' ही मागणी दर दोन वर्षांनी येते, आणि तिच्या पोटात एक गृहीतक हमखास असतं, की लोक आळशी आहेत. मला ते पटत नाही. पुण्यात पहाटे साडेपाचला पर्वतीवर जाऊन बघा. १०३ पायऱ्या. त्या दोनदा, तीनदा चढणारी सत्तरीची माणसं तिथे रोज भेटतील. सप्तशृंगीला २०१८ पासून ट्रॉली आहे, तरी पायऱ्यांनी जाणारे संपलेले नाहीत. पर्वती चढून आलेला तोच माणूस दहा वाजता तुमच्या कचेरीत येतो आणि दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टसाठी दहा मिनिटं ताटकळतो. दोन्हीकडे पाय त्याचेच आहेत. तेव्हा फरक शोधायचा तो जिन्यात.

एका रुग्णालयाची पाहणी मला चांगली आठवते. दारातून आत आलं की समोर लिफ्ट, लखलखीत, स्टीलचे दरवाजे. जिना कुठे? नोंदणीच्या खिडकीच्या मागे, स्वच्छतागृहाच्या शेजारी, एका करड्या दाराआड. दारावर कसलीही खूण नाही. दार ढकललं तर पहिल्या पायरीला टेकून वॉचमनची खुर्ची, तिच्या पाठीला त्याचा डबा लटकवलेला. पहिल्या वळणावर चाक निखळलेली दोन स्ट्रेचर आणि एक्स-रेच्या जुन्या पाकिटांचे गठ्ठे. ट्यूब फडफडत होती. कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या आणि त्या टाइल्सच्या बरोबर वीतभर वर पानाच्या पिचकाऱ्या. थुंकणाऱ्यांनी देवांचा मान राखला होता, भिंतीचा नाही. आम्ही वर निघालो तेव्हा एक आजी आमच्या पुढे होत्या. कठड्याला धरून व्यवस्थित चढत होत्या. वळणावर कठडा संपला, नुसता बोल्ट बाहेर आलेला. आजींनी हात मागे घेतला, क्षणभर वर पाहिलं आणि वळून सावकाश खाली उतरल्या. लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या जिन्याच्या तोंडाशी 'जिना चढा, हृदय जपा' असं लिहिलेलं होतंच.

पूर्वी जिना हा इमारतीचा मान असे. १८८८ मध्ये पूर्ण झालेलं मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस घ्या: मुख्य घुमटाच्या बरोबर खाली काय आहे, तर जिना. जुन्या वाड्यांत तो अरुंद आणि उभा असे, पण त्याला लपवलेलं नसे. लिफ्ट आल्यावर दर्शनी जागा तिने घेतली आणि जिना आग लागल्यावर आठवायची गोष्ट होऊन कोपऱ्यात गेला. जे दिसत नाही ते लोक वापरत नाहीत, एवढा साधा हिशेब आहे. तुमच्या इमारतीत दारातून आत आल्यावर, मान न वळवता, जिन्याची पहिली पायरी दिसते का? नसेल तर तुमचं निम्मं उत्तर इथेच आहे.

इथे एक इशारा. जिना आगीच्या वेळचा सुटकेचा मार्ग असेल आणि त्याला अग्निरोधक दार असेल, तर ते दार वीट लावून उघडं ठेवू नका. धूर वर न्यायला तेवढी फट पुरते. दारात अग्निरोधक काचेची खिडकी बसवता येते, किंवा आगीचा इशारा वाजताच आपोआप बंद होणारी यंत्रणा लावता येते. अग्निशमन विभागाला विचारूनच करा. पण वळणावरचे गठ्ठे आणि मोडकी कपाटं हलवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ती तिथे असणंच नियमाबाहेर आहे.

आता टेप काढा. सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल टेकायची रुंदी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, असं आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. यामागचा हिशेब फार जुना आहे. फ्रान्सच्या ब्लाँडेल नावाच्या वास्तुविशारदाने १६७५ मध्ये मांडला: उंचीची दुप्पट अधिक रुंदी ही माणसाच्या चालीतल्या एका पावलाएवढी यावी. आज आपण ती ६० ते ६५ सेंटिमीटर धरतो. १५ ची दुप्पट ३०, अधिक ३०, झाले ६०. घरगुती जिना १९ पर्यंत उंच चालतो, आणि कंत्राटदाराला तीच सवय असते. सार्वजनिक इमारतीत अशी पायरी आली की दुसऱ्या मजल्यावरच धाप लागते आणि माणूस म्हणतो, 'आता वय झालं.' वय झालेलं नसतं, पायरी चार सेंटिमीटरनी चुकलेली असते.

पायऱ्यांची उंची तुम्हाला आता बदलता येणार नाही, ते मला माहीत आहे. पण एक गोष्ट मोजाच: सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत का? मधल्या टप्प्याची किंवा मजल्याची फरशी नंतर बदलली, जुन्या मोझॅकवर कोटा किंवा व्हिट्रिफाइड टाइल बसवली, की पहिली किंवा शेवटची पायरी तीन-चार सेंटिमीटरनी कमी-जास्त होते. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता मी आधी तीच शोधते. पाय दोन पायऱ्यांतच उंची शिकतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ३६व्या रस्त्यावरच्या भुयारी स्टेशनात एकच पायरी किंचित उंच होती. २०१२ मध्ये एकाने तिथे कॅमेरा लावला, तर एकामागून एक माणसं त्याच पायरीला ठेचकाळताना दिसली. चित्रफीत पसरल्यावर जिना दुरुस्त झाला. आपल्याकडे अशा पायरीला 'अपशकुनी' म्हणून मोकळे होतात.

बाकीची दुरुस्ती किरकोळ आहे आणि सगळ्यांत जास्त फळ तीच देते. कठडा दोन्ही बाजूंना, वळणावर न तुटणारा, शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर गेलेला. गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तर कडेला खाचा मारून घ्या, पावसाळ्यात ओल्या चपलांनी तो साबणासारखा होतो. प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, कारण मोतीबिंदूच्या डोळ्याला एकरंगी फरशीत पायरी संपते कुठे ते कळत नाही. दिवे पांढरे आणि चालू. कोपऱ्यात पिचकारी दिसली तर त्याच दिवशी रंगाचा हात, आठवड्याने नाही. आणि शेजारच्या स्वच्छतागृहाचा वास येत असेल तर जिन्याचं नाव काढण्याआधी प्लंबर बोलवा. नाक दाबून कुणी व्यायाम करत नाही.

एवढं झालं की पाटी. पाटी चालते, याला चांगला आधार आहे. १९८० मध्ये अमेरिकेत ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात सरकत्या जिन्याशेजारी साधा जिना असलेल्या ठिकाणी एक चित्र लावलं: सरकत्या जिन्यावर सुस्तावलेलं हृदय, साध्या जिन्यावर टुणटुणीत हृदय. जिन्याने जाणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. १९९५ मध्ये ग्लासगोच्या एका भुयारी स्टेशनात 'निरोगी राहा, वेळ वाचवा, जिना वापरा' अशा अर्थाची पाटी लावली, तेव्हा प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून १५ ते १७ टक्क्यांवर गेलं. पाटी काढल्यावर ते पुन्हा घसरू लागलं. आकडे नीट बघा. दुप्पट झाले, तरी शंभरातले ऐंशीच्या वर लोक सरकत्या जिन्यानेच गेले. समितीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'अजून रांग आहेच की' म्हणून पहिल्याच बैठकीत गाशा गुंडाळतील. शिवाय या दोन्ही प्रयोगांत माणसाला दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी दिसत होते आणि जिना धड होता. तुमची पाटी लपलेल्या जिन्याकडे बोट दाखवत असेल तर ती या आकड्यांची बरोबरी करणार नाही.

पाटी लावायची जागा म्हणजे माणूस जिथे ठरवतो ती. ती असते लिफ्टच्या बटणाशी. तुमची पाटी, माझा अंदाज, सूचनाफलकावर निविदांच्या आणि हरवले-सापडलेच्या मध्ये आहे. बटणाच्या वर, डोळ्यांच्या उंचीला लावा. आणि उपदेश नको, माहिती द्या. 'महसूल शाखा, दुसरा मजला. ४८ पायऱ्या. जिना डावीकडे, दहा पावलांवर.' माणसाला भीती असते ती अंदाज नसल्याची. ४८ म्हटलं की तो मनात म्हणतो, एवढंच ना. मजला ३.६ मीटरचा असेल आणि पायरी १५ सेंटिमीटरची, तर मजल्याला २४ पायऱ्या होतात, पण तुम्ही मोजून लिहा. एखादी जरी कमी-जास्त निघाली तर वर पोचलेला रिकामटेकडा माणूस खाली येऊन सांगतो.

कॅलरींचे आकडे पायऱ्यांवर रंगवायची फॅशन आहे. मी शक्यतो टाळते, कारण हिशेब लाजिरवाणा आहे. सत्तर किलोचा माणूस ३.६ मीटर वर गेला तर निव्वळ काम होतं अर्ध्या कॅलरीच्या थोडं वर. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तरी शरीराचा खर्च अडीच-तीन कॅलरींचा. एका वडापावचे अडीचशे-तीनशे धरा. म्हणजे कँटीनमधल्या एका वडापावसाठी शंभरेक मजले. हे गणित लोकांना कळलं की ते लिफ्टनेच कँटीनला जातील.

मग फायदा कशात? जोरात. सावकाश जिना चढणं म्हणजे स्वस्थ बसण्याच्या चौपट मेहनत, भरभर चढणं म्हणजे जवळजवळ नऊपट. वेगळा वेळ न काढता, कपडे न बदलता, एवढी मेहनत शरीराला दुसऱ्या कुठल्या गोष्टीतून क्वचितच मिळते. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी 'दोन जिने न थांबता चढता का?' असं विचारतात ते उगाच नाही. हृदय-फुप्फुसांची ती घरगुती परीक्षा आहे. ब्रिटनमधल्या साडेचार लाखांवर लोकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात रोज साधारण ५० पायऱ्यांहून जास्त चढणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. पन्नास पायऱ्या म्हणजे तुमचा दुसरा मजला. अर्थात हे निरीक्षण आहे; जे चढतात ते आधीच धडधाकट असतात, हा पेच राहतोच.

हा पेच जुना आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झाला तर उशिरा आणि सौम्य. पुढे त्यांनीच १९५६ मध्ये गणवेशांची मापं तपासली तर नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांच्या कमरा जास्त निघाल्या! म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. स्वतःच्या निष्कर्षात स्वतःच खोट काढणारा संशोधक विरळा. मुंबईत बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला गेली तेव्हा लोक वरच्या पुढच्या सीटच्या आठवणी काढत होते, मला त्या वळणाच्या जिन्यावरून दिवसभर खाली-वर करणारे कंडक्टर आठवत होते.

आपल्याकडे गरज किती आहे यासाठी एकच आकडा: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह सर्वेक्षणात महाराष्ट्रासह चार भागांची पाहणी होती, तिचा २०१४ मध्ये आलेला निष्कर्ष असा की ५४.४ टक्के लोक पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. कामाच्या ठिकाणचा जिना हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त उतारा आहे, कारण तो आधीच बांधलेला आहे.

पाटीपेक्षाही जास्त काम करते ती लिफ्ट स्वतः. १९८१ मध्ये एका विद्यापीठाच्या इमारतीत व्हॅन हौटन आणि सहकाऱ्यांनी वीज वाचवण्यासाठी दोन उपाय करून पाहिले. लिफ्टपाशी किती वीज खर्च झाली ते सांगणारे फलक लावले; काही झालं नाही. मग लिफ्टचं दार बंद व्हायला लागणारा वेळ १० सेकंदांवरून २६ सेकंदांवर नेला. लिफ्टचा वीजवापर सुमारे एक तृतीयांशाने घटला. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाला अडवलं नाही. ज्यांना लिफ्टची खरी गरज होती त्यांना उलट आत शिरायला जास्त वेळ मिळाला. तुमच्या देखभाल कंत्राटदाराला विचारा, दाराची वेळ बहुतेक लिफ्टमध्ये बदलता येते. गर्दीच्या वेळी मात्र हे करू नका, रांग वाढेल आणि शिव्या तुम्हाला पडतील. दुपारच्या वेळी, लिफ्ट मोकळी असताना, घाईतला माणूस दार मिटायची वाट बघत उभा राहण्यापेक्षा जिन्याकडे वळतो.

लॉस एंजेलिसमध्ये २००४ मध्ये झालेल्या एका सरकारी इमारतीत मुख्य लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबतात आणि मधल्या मजल्यांसाठी मोठा मोकळा जिना आहे. सगळ्या मजल्यांवर थांबणारी एक लिफ्ट वेगळी ठेवली आहे, अपंगांसाठी आणि गरजूंसाठी. तिथे जिना भरपूर वापरला जातो. तुमच्याकडे दोन लिफ्ट आहेत, म्हणून मोह होईल की एक फक्त तिसऱ्या आणि पाचव्याला थांबवू. दुसरी बहुतेक वेळा बंद असते, हे तुम्हीच लिहिलंय. ती रोज चालू राहील याची खात्री होईपर्यंत या वाटेला जाऊ नका. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, तो बाजूला ठेवला तरी कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला 'पाचव्यावरून एक मजला खाली उतरा' म्हणणं शोभत नाही.

याच कारणासाठी 'लिफ्ट फक्त आजारी, वृद्ध व अपंगांसाठी' ही पाटी लावू नका. मी एकदा लावू दिली होती, अजून खंत आहे. आठवड्याभरात लिफ्टमन प्रत्येकाला आपादमस्तक न्याहाळून 'तुम्हाला काय झालंय?' विचारू लागला. एका तरुण मुलीला रांगेतून बाहेर काढलं. तिला तिसरा महिना होता आणि डॉक्टरांनी जिना चढायला मना केलं होतं. ते तिला दहा अनोळखी पुरुषांसमोर सांगावं लागलं. हृदयाचा, दम्याचा, संधिवाताचा, मासिक पाळीचा त्रास चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. जिन्याचं कौतुक करा, लिफ्टची लाज वाटायला लावू नका.

'एक मजला वर, दोन मजले खाली जिन्याने' अशा पाट्या बऱ्याच कचेऱ्यांत असतात. मला ती मागणी माफक वाटते, पण गुडघ्यांच्या बाबतीत ती उलटी आहे. दम चढताना लागतो, गुडघा उतरताना बोलतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वर जिन्याने जावं आणि खाली लिफ्टने यावं, हे फार कमी लोकांना सुचतं. उतरण्याचा काहीच उपयोग नाही असंही समजू नका. ऑस्ट्रियात काही लोकांना डोंगर नुसता चढायला आणि काहींना नुसता उतरायला लावलं, उरलेली वाट रोपवेने, तर उतरणाऱ्यांतही रक्तातल्या साखरेवर चांगला परिणाम दिसला होता. आणि छातीत दुखतं, चढताना चक्कर येते, अशी तक्रार असेल त्यांनी पाटी वाचून नाही, डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता पियानो. स्टॉकहोमच्या ओडेनप्लान मेट्रो स्टेशनातला तो जिना २००९ चा, एका मोटार कंपनीच्या जाहिरात मोहिमेतला. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, पाय पडला की सूर. नेहमीपेक्षा ६६ टक्के जास्त लोकांनी जिना निवडला असं त्यांनी सांगितलं. गंमत खरीच होती, पण तो थोडक्या दिवसांचा खेळ होता आणि त्याचं काम होतं चित्रफीत तयार करणं; ते त्याने चोख केलं, पंधरा वर्षांनी ती तुमच्या समितीपर्यंत पोचली. तुमच्या इमारतीत मात्र तेच दोनशे कर्मचारी रोज येणार. नव्याचे नऊ दिवस झाले की पहिल्या मजल्यावरच्या आस्थापना शाखेला दिवसभर सा-रे-ग ऐकत पगारपत्रकं करावी लागतील, दहावा दिवस उजाडायच्या आत वायर कापली जाईल, आणि नंतर वर्षभर त्या मुक्या पट्ट्या धूळ खातील. तेवढ्याच पैशांत कठडा, दिवे, रंग आणि दोन वर्षांची साफसफाई होते. रंगवायचंच असेल तर गावच्या शाळेच्या मुलांकडून वळणांवरच्या भिंती रंगवून घ्या. आपल्या पोराचं चित्र तिसऱ्या मजल्यावर आहे म्हटल्यावर आई-बाप, आजोबा, मामा सगळे चढतात.

हे सगळं कचेरीपुरतं. रेल्वे स्थानकाला यातलं बरंचसं लागू करू नका. मुंबईतल्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आणि गर्दी एकत्र आली आणि २३ जीव गेले. जिथे जिना आधीच तुंबलेला आहे तिथे लोकांना त्यावर आणखी ढकलणं, किंवा वाचायला, सेल्फी काढायला थांबवील असं काही पायऱ्यांवर लावणं, हा अपराध आहे. तिथे आधी रुंदी, मग मधला कठडा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेगळ्या वाटा. लंडनच्या होबर्न स्थानकात २०१५ मध्ये उलटा प्रयोग झाला: सरकत्या जिन्यावर डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी न सोडता दोन्ही बाजूंना लोकांना नुसतं उभं केलं, आणि गर्दीच्या वेळी जास्त माणसं वर पोचली. तिथला जिना फार उंच आहे, चालत जाणारे थोडे, म्हणून मोकळी सोडलेली बाजू वाया जात होती. जागा बदलली की शहाणपणही बदलतं.

एक नाजूक गोष्ट. तुमच्या दोनपैकी एक लिफ्ट साहेबांसाठी धरून ठेवली जाते का? प्रश्नात नाही, पण मला दाट शंका आहे. लिफ्टमन बोटाने दार दाबून उभा, साहेबांची गाडी फाटकात शिरली की रांग थांबते. हे चालू असेल तोवर जिना हा 'आपल्यासारख्यांचा' राहील आणि सगळे लिफ्टचीच आस धरतील. मी एका कचेरीत पाहिलं, नवीन आलेल्या अधिकारी बाई स्वतः फाइल हातात घेऊन रोज जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जायच्या. परिपत्रक नाही, भाषण नाही. महिन्याभरात त्यांना वळणावर गाठायला अर्जदार जिन्यात उभे राहू लागले, मग कर्मचारी, मग जिन्यातच निम्मी कामं उरकू लागली. त्याचा त्यांना त्रासही झाला म्हणा. पण वळणावरचे गठ्ठे हलवायला जी सही सहा महिने मिळत नव्हती ती एका दिवसात झाली, कारण त्यांच्या साडीला त्या कपाटाचा खिळा लागला होता.

सगळं करायच्या आधी मोजा, नाहीतर काय बदललं ते कळणार नाही. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते चार. वर जाणारे आणि खाली येणारे वेगळे, जिना आणि लिफ्ट वेगळी. कागदावर चार रकाने, पाच-पाचच्या उभ्या रेघा. सामान, लहान मूल किंवा काठी घेऊन आलेल्यांची बाजूला खूण करा, कारण त्यांना जिन्यावर आणणं हे तुमचं उद्दिष्टच नाही. दोन आठवडे आधी, मग दुरुस्ती झाल्यावर दोन आठवडे, मग पाटी लावल्यावर दोन. दोन्ही एकदम करू नका. पाटीचं श्रेय कुणी घ्यायचं यावर भांडण होईल. बाजाराचा दिवस आणि मार्चअखेर वगळा. पाटी सहा महिन्यांनी बदला, तीच तीच पाटी भिंतीच्या रंगात विरून जाते.

मोजायला बाहेरचं कुणी मिळालं तर बरं, महाविद्यालयातली एनएसएसची मुलं हे काम आनंदाने करतात. त्यांना लिफ्ट आणि जिना दोन्ही दिसेल अशा खांबाआड बसवा. कुणी मोजतंय हे दिसलं की माणूस पोट आत घेऊन जिन्याकडे वळतो आणि तुमचे आकडे बिघडतात. आणि त्या मुलांसाठी खुर्ची वॉचमनचीच घ्या, म्हणजे पहिली पायरी त्याच दिवशी मोकळी होईल.